ही यादी कधीची?

आमच्या म्हैसूरच्या सरस्वतीपुरममध्ये पत्ता सांगायचा तो ‘अमक्या मेनचा तमका क्रॉस’ असाच. लग्न होऊन मी मिरजेहून इथं आले, तेव्हा पहिले सहा महिने भाजी घेऊन परतताना हमखास भलत्याच क्रॉसमध्ये शिरायची. सगळे रस्ते सारखे, तशीच झाडं, तशीच अंगणं. आज मात्र डोळे मिटून सांगेन की कुठल्या घरात कोण राहतं, कोण कधी उठतं आणि कोणाकडे सांबाराला कुठला मसाला पडतो. अशा शेजाराची किंमत अडचणीच्या वेळीच कळते. ती मला कळली, आणि त्याच रात्री आमची एक मोठी चूकही कळली. आजचा लेख त्या चुकीबद्दल आहे.

ऑगस्ट २०२३. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. बाहेर पावसाची झिमझिम चालू होती. दारावर थाप पडली आणि शेजारच्या सुनेचा आवाज आला, “अक्का, बेग बन्नी!” म्हणजे लवकर या. तिच्या सासूबाई, ज्यांना आमची सारी गल्ली अज्जी म्हणते, संध्याकाळी न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरलं. रक्तगट बी निगेटिव्ह. डॉक्टरांनी दोन पिशव्या हाताशी ठेवा म्हणून सांगितलं होतं आणि मिळाली होती एकच. आपल्याकडे शंभरात जेमतेम पाच-सहा जणांचं रक्त ‘निगेटिव्ह’ असतं, त्यातून ‘बी’ गटाचे आणखी थोडे. “दाता असेल तर रात्रीच पाठवा, रक्त तपासायलाही वेळ लागतो,” असा निरोप होता.

मी म्हटलं, “घाबरू नकोस. आपली यादी आहे ना!”

ही यादी म्हणजे आमच्या मंडळींचा अभिमान. कुक्करहळ्ळी तलावाभोवती सकाळी फिरायला जाणाऱ्या आम्ही काही जणांनी २०१९ मध्ये रक्तदात्यांची नावं एका वहीत लिहायला सुरुवात केली. कन्नड, मराठी, तमिळ, सगळी नावं. पुढे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी नोकरीसाठी इथं आली आणि आमच्याकडेच राहू लागली. ती सॉफ्टवेअरमधली. तिनं ती वही इंटरनेटवर चढवली. फोनवर रक्तगट निवडला की नावं हजर!

मी ऐटीत फोन उघडला. बी निगेटिव्ह, उपलब्ध दाते तीन. पहिल्यांना फोन लावला. ते बिचारे ओशाळून म्हणाले, “अहो, मी गेल्या महिन्यातच रक्त दिलंय. आता तीन महिने चालणार नाही.” दुसरे गृहस्थ वर्षभरापूर्वीच पुण्याला मुलाकडे राहायला गेलेले. तिसऱ्यांचा फोन वाजत राहिला, वाजतच राहिला. मग ओळखीच्यांना फोन, त्यांच्या ओळखीच्यांना फोन. घड्याळात साडेदहा झाले. शेजारची सून माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती आणि माझ्याकडे पाहत होती. तो एक तास मला अजून आठवतो.

तेवढ्यात भाची कामावरून आली. सगळं ऐकून म्हणाली, “मावशी, पहिल्या काकांचं नाव तर मी चार दिवसांपूर्वीच काढलं. आणि एका नव्या मुलीचं नाव घातलंय, बी निगेटिव्हच आहे ती. तुला दिसत नाही?”

मला दिसत नव्हतं. तिच्या फोनवर दिसत होतं. एकच यादी, एकच घर, पण दोघींच्या हातांत दोन वेगळी उत्तरं!

त्या मुलीला फोन केला. पावणेबाराला ती भावाच्या स्कूटरवर मागं बसून, रेनकोटमधून पाणी गाळत रक्तपेढीत पोहोचली. अज्जींचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी झालं. असो. गोड शेवट झाला म्हणून चूक लहान ठरत नाही.

कॅश शिळी झाली!

त्या रात्री रक्तपेढीतून परतल्यावर भाची कॉम्प्युटर उघडून बसली आणि पहाटे मला म्हणाली, “मावशी, कॅश शिळी झाली होती.”

मी म्हटलं, “अगं, पैसे कसे शिळे होतील?”

ती हसली, पण डोळे तारवटलेले होते. मग रविवारी जेवणाच्या टेबलावर तिनं मला सगळं समजावून सांगितलं. मला कळलं ते इथं सांगते, कारण हा प्रकार आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये रोज घडत असतो.

ही ‘कॅश’ पैशाची नव्हे. मूळ शब्द फ्रेंच, अर्थ लपवून ठेवणं. लागेल म्हणून हाताशी दडवून ठेवलेला साठा. १९६८ मध्ये आयबीएम कंपनीच्या एका मोठ्या संगणकात मुख्य स्मृतीच्या पुढे एक छोटी, चपळ स्मृती बसवली, तेव्हापासून हा शब्द संगणकवाल्यांत रूढ झाला. कल्पना मात्र आपल्या स्वयंपाकघराइतकी जुनी आहे. वर्षाचं तिखट कोठीत असतं, पण ओट्यावरच्या मिसळणाच्या डब्यात आठवड्यापुरतंच असतं. दर फोडणीला कोणी कोठीत जात नाही.

इंटरनेटचंही तसंच. खरी माहिती दूर कुठं तरी एका मोठ्या वहीत असते. त्या वहीला म्हणतात डेटाबेस. प्रत्येक माणसानं प्रत्येक वेळी ती वही उघडायची म्हटली, तर वहीपाशी झुंबड उडेल. म्हणून एकदा उत्तर काढलं की त्याची एक नक्कल मधल्या संगणकावर ठेवतात आणि पुढच्यांना तीच देतात. आपला फोनही तेवढा शहाणा असतो. तो आपल्यापाशी आणखी एक नक्कल ठेवतो.

यात वाईट काही नाही. दहावीच्या निकालाच्या दिवशी लाखो मुलं एकाच वेळी गुण पाहायला धावतात, तेव्हा अशा नकलाच ओझं वाहतात. निकाल एकदा लागला की दर मिनिटाला बदलत नाही, तेव्हा नक्कल आणि मूळ यांत फरक पडत नाही.

पण आमची यादी बदलणारी होती. भाचीनं मूळ वहीत पहिल्या काकांचं नाव खोडलं, नव्या मुलीचं लिहिलं. मधल्या संगणकावरची नक्कलही तिनं आठवणीनं बदलली. राहिली ती तिसरी, माझ्या फोनमधली. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की तू आता जुनी झालीस. फोननं मोठ्या विश्वासानं मला गेल्या आठवड्याची यादी दाखवली, आणि मी मोठ्या विश्वासानं ती वाचली. कारण यादीवर तारीखच नव्हती.

संगणकाच्या क्षेत्रात फिल कार्लटन नावाच्या तज्ज्ञाचं एक वचन फार प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा की या शास्त्रात खरोखर अवघड गोष्टी दोनच. एक, ठेवलेली नक्कल कधी टाकून द्यायची हे ठरवणं, आणि दुसरी, गोष्टींना नावं देणं. बारशाच्या वेळी आत्याची होणारी दमछाक पाहिली आहे, तेव्हा दुसरी गोष्ट मला लगेच पटली. पहिली पटायला ही रात्र यावी लागली.

रक्ताच्या पिशवीवरचं लेबल

खरं तर याचं उत्तर मी त्याच रात्री डोळ्यांनी पाहिलं होतं, फक्त तेव्हा उमगलं नव्हतं.

त्या मुलीचं रक्त काढायला घेतलं, तेव्हा मी बाहेर बाकावर बसले होते. तिथल्या तंत्रज्ञांनी माझी धास्तावलेली चर्या पाहून मला काचेतून आतली शीतकपाटं दाखवली. प्रत्येक पिशवीवर लेबल. रक्तगट कुठला, रक्त कधी घेतलं आणि कधीपर्यंत चालेल. तारीख नसलेली पिशवी तिथं असूच शकत नाही.

आणखी एक गोष्ट मला नवी होती. एकाच माणसाच्या एकाच वेळी काढलेल्या रक्ताचे भाग वेगळे करतात आणि प्रत्येकाचं आयुष्य वेगळं असतं. प्लेटलेट पाच दिवस, तेही साधारण २० ते २४ अंश तापमानात आणि सतत हलत्या तबकावर ठेवून. तांबड्या पेशी २ ते ६ अंशांत ३५ ते ४२ दिवस, पिशवीत कोणतं द्रावण घातलं आहे त्याप्रमाणे. आणि प्लाझ्मा गोठवून ठेवला तर वर्षभर. सगळ्यांना एकच मुदत लावली, तर एक तर चांगला प्लाझ्मा फुकट जाईल नाही तर शिळ्या प्लेटलेट कोणाच्या तरी नसेत जातील.

भाचीला मी हे सांगितलं तेव्हा ती टाळी वाजवून म्हणाली, “मावशी, हेच! अगदी हेच करायचं असतं.”

म्हणजे असं, की माहितीच्याही प्रत्येक तुकड्याला स्वतःची मुदत द्यायची. दात्याचा रक्तगट जन्मभर बदलत नाही. त्याची नक्कल वर्षभर ठेवली तरी हरकत नाही. पत्ता कधी तरी बदलतो. त्याला दिवसाची मुदत पुरे. पण ‘हा माणूस आज रक्त देऊ शकतो का’ याचं उत्तर काही तासांत बदलतं. त्याला मिनिटांचीच मुदत हवी. आमच्या जुन्या व्यवस्थेत सगळं एकाच डब्यात कोंबलं होतं. लोणचं आणि दूध एकाच कपाटात, एकाच मुदतीनं.

मुदत हा एक उपाय झाला. आणखी दोन तिनं सांगितले.

दुसरा उपाय असा की मूळ वहीत बदल झाला, की त्याच क्षणी मधली नक्कल फाडून टाकायची. पुढचा माणूस विचारायला आला की नवी काढायची. यात एक पथ्य आहे. नक्कल फाडली आणि त्याच वेळी दोनशे माणसं विचारायला आली, तर दोनशेच्या दोनशे मूळ वहीवर तुटून पडतील. लग्नघरात पाण्याचा पिंप रिकामा झाला म्हणून सगळं वऱ्हाड घागरी घेऊन विहिरीवर धावत नाही. एकानं जायचं आणि बाकीच्यांनी क्षणभर थांबायचं. संगणकालाही तसं शिकवावं लागतं.

तिसरा उपाय मला सर्वांत गोड वाटला. फोननं आपली जुनी नक्कल पुढं करून मोठ्या संगणकाला विचारायचं, “माझ्यापाशी अमक्या वेळची प्रत आहे. त्यानंतर काही बदललं का?” काही बदललं नसेल तर तिकडून अख्खी यादी येत नाही, फक्त एक आकडा येतो, ३०४. त्याचा अर्थ, ‘आहे तेच चालू द्या.’ आमचा दूधवाला सकाळी फाटकाशी उभं राहून “कालच्याएवढंच ना?” विचारतो आणि मी आतूनच हो म्हणते, तसं.

खिडकी आणि खिडकीमागची वही

पण वाचकहो, त्या रात्री चुका दोन झाल्या होत्या. पहिल्या काकांचं नाव शिळ्या नकलेमुळे दिसलं. दुसरे गृहस्थ, जे पुण्याला गेले, त्यांचं नाव तर मूळ वहीतही तसंच होतं! वर्षभरात त्यांनी ते कळवलं नाही. भाचीनं त्यांना रागानं नव्हे, सहज विचारलं. ते म्हणाले, “मुली, कळवायचं कुठं?”

खरंच की. आमच्या यादीत विचारायची सोय होती, सांगायची नव्हती.

इथं तिनं मला एपीआय म्हणजे काय ते समजावलं. पोस्टाच्या कचेरीत आपण थेट आत जाऊन कपाटं उघडत नाही. बाहेर खिडक्या असतात. एकीवर तिकिटं, एकीवर बचत खातं. प्रत्येक खिडकीला ठरावीक फॉर्म आणि ठरावीक उत्तर. आत कपाटांची रचना बदलली, कारकून बदलला, तरी बाहेरच्या माणसाला फरक पडत नाही. खिडकी तीच राहते. संगणकावर एक यंत्रणा दुसऱ्या यंत्रणेशी बोलते ती अशाच खिडक्यांतून. या साऱ्या खिडक्यांची मिळून जी व्यवस्था, ती एपीआय. आणि प्रत्येक खिडकीचा स्वतःचा पत्ता असतो, त्याला हे लोक एन्डपॉइंट म्हणतात. आमच्या सरस्वतीपुरमच्या मेन आणि क्रॉससारखाच तो असतो. पत्ता अचूक असला तर निरोप योग्य दारात पोहोचतो, नाही तर ४०४ असा आकडा परत येतो. म्हणजे ‘इथं असं कोणी राहत नाही.’

खिडकीवर जाऊन करायची कामं मुख्यतः दोन. काही मागायचं, त्याला म्हणतात ‘गेट’. काही नवीन सांगायचं, त्याला म्हणतात ‘पोस्ट’. मागणाऱ्याला नक्कल दिली तर चालते. सांगणाऱ्याचं म्हणणं मात्र थेट मूळ वहीत गेलं पाहिजे.

आमच्याकडे आधी एकच खिडकी होती, ‘यादी द्या.’ आता चार आहेत. पहिली यादीची. दुसरी, ‘मी आज रक्त दिलं.’ तिसरी, ‘मी गावाला गेलो आहे’ किंवा ‘माझा पत्ता बदलला.’ चौथी, ‘माझं नाव काढून टाका.’

दुसऱ्या खिडकीवर कोणी रक्त दिल्याचं सांगितलं, की यंत्र स्वतःच हिशेब करतं. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे पुरुषांना पुढचं रक्तदान ९० दिवसांनी आणि स्त्रियांना १२० दिवसांनी करता येतं. तोवर ते नाव यादीतून बाजूला होतं आणि मुदत संपली की आपोआप परत येतं. नोंद होताच मधली नक्कल फाडली जाते. नेट मंद असलं की माणूस वैतागून तेच बटण दोनदा-तीनदा दाबतो. तरी नोंद एकदाच झाली पाहिजे, हेही तिनं जमवलं.

शेवटच्या तीन खिडक्यांवर आधी ओळख पटवावी लागते. फोनवर आकडे येतात, ते सांगायचे. नाही तर कोणीही उठून कोणाचंही नाव काढेल. आणि पहिल्या खिडकीतून आता दात्यांचे फोन नंबर बाहेर पडत नाहीत. किती दाते आहेत ते कळतं, आणि गरज असली तर यंत्रच त्यांना निरोप धाडतं. एखाद्या मुलीनं माणुसकीनं नाव दिलं म्हणून तिचा नंबर गावभर होता कामा नये. हा बदल त्या रात्री आलेल्या मुलीनंच सुचवला होता.

पाहताना आणि घेताना

हे सगळं झाल्यावर मला वाटलं, आमची यादी लहानशी. पण देशाच्या पातळीवर काय होत असेल? भाचीनं दोन उदाहरणं सांगितली.

पहिलं रक्ताचंच. सी-डॅक या सरकारी संस्थेनं तयार केलेली ‘ई-रक्तकोष’ ही व्यवस्था २०१६ पासून आहे. देशभरातल्या रक्तपेढ्यांत कुठल्या गटाचं किती रक्त शिल्लक आहे, ते तिथं पाहता येतं. सी-डॅकचं मुख्यालय पुण्यात, म्हणून मला उगीचच माहेरचं वाटलं. त्या तक्त्यात साठ्याशेजारी एक रकाना आहे, ही माहिती शेवटची कधी बदलली त्याचा. आमच्या यादीत जे नव्हतं ते तिथं होतं.

दुसरं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या आठवणीतलं. २८ एप्रिल २०२१ रोजी १८ ते ४४ वयाच्या लोकांसाठी कोविडच्या लशीची नोंदणी ‘कोविन’वर सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी एक कोटीहून अधिक लोकांनी नावं नोंदवली. लशी थोड्या, माणसं अफाट. कोविननं आपली एक खिडकी सर्वांसाठी खुली ठेवली होती. कुठल्या केंद्रावर किती जागा शिल्लक आहेत, ते कोणाचाही संगणक विचारू शकत असे. जागा दिसली की फोनवर सूचना धाडणाऱ्या सोयी अनेक तरुण प्रोग्रामरांनी बनवल्या, त्या याच खिडकीच्या जोरावर. काही संगणक तर दर सेकंदाला विचारू लागले.

मग मे महिन्यात बंधनं आली. एका ठिकाणाहून ५ मिनिटांत १०० वेळाच विचारता येईल, आणि या खुल्या खिडकीतून मिळणारी माहिती ३० मिनिटांपर्यंत जुनी असू शकेल. म्हणजे मूळ वही नव्हे, नक्कल! लशीच्या जागा तर मिनिटा-दोन मिनिटांत संपत होत्या. अर्ध्या तासापूर्वीची यादी पाहून धावणाऱ्याच्या हाती काय लागणार? लोक रागावले. पण सरकारची बाजूही समजून घेण्यासारखी होती. यंत्रांची गर्दी थोपवली नसती, तर ज्याला फक्त एकदा बटण दाबता येतं त्याची पाळीच आली नसती. तशीही ती सगळ्यांची आली नाही. महाराष्ट्रात तर शहरातली तंत्रकुशल मुलं गाडी काढून खेड्यातल्या केंद्रांवर लस घ्यायला गेली आणि गावातली माणसं दारात उभी राहून पाहत राहिली, अशा तक्रारी त्या काळात वर्तमानपत्रांतून ठिकठिकाणाहून आल्या. ज्याच्याकडे ताजी माहिती, त्याच्याकडे लस.

मात्र एक गोष्ट तिथं नीट होती. जागा पाहायची खिडकी नक्कल दाखवत असली, तरी जागा प्रत्यक्ष पक्की करायची खिडकी मूळ वहीलाच जोडलेली होती. त्यामुळे यादीत दिसलेली जागा हुकली, तरी एकच जागा दोघांना दिली गेली, असं होत नसे.

भाचीनं यावरून एक नियम सांगितला. तो मला सगळ्यात पटला. पाहताना नक्कल चालेल, घेताना मूळ वहीच हवी.

आपल्या घरातही हेच आहे. आम्ही मिरजेला जायला दादरची शरावती एक्सप्रेस बघतो. फोनवरच्या कित्येक ॲपमध्ये रिकाम्या जागांच्या आकड्याखाली बारीक अक्षरांत ‘अमुक तासांपूर्वी’ असं लिहिलेलं असतं. प्रवासाचा बेत आखायला तो आकडा पुरे. पण ‘जागा आहे, निघा’ असं आईला कळवायचं तर आधी तिकीट हातात पाहिजे. पावसाळ्यात आमच्या म्हैसूरकरांचं सकाळचं पहिलं काम म्हणजे कृष्णराजसागर धरणाची पातळी वाचणं. १२४.८० फुटांवर धरण पूर्ण भरतं. चहा पिता पिता आनंद मानायला छापलेला आकडा छान. पण नदीकाठी राहणाऱ्याला पाणी सोडल्याची बातमी त्या घटकेचीच हवी.

फडताळावरचा कागद

आमची नवी यादी सुरू झाली त्याला आता बराच काळ लोटला. तिच्या माथ्यावर ठळक अक्षरांत लिहून येतं, ‘ही यादी ४ मिनिटांपूर्वीची आहे.’ आकडा बदलत असतो. नेट नसलं की तो वाढत जातो आणि तासाच्या पुढं गेला की अक्षरं लाल होतात. “जुनी यादी आहे, फोन करून खात्री करा,” असं यंत्र स्वतःच सांगतं. नसलेल्या माहितीपेक्षा जुनी माहिती बरी, पण ती जुनी आहे हे तिनं कबूल केलं पाहिजे.

अज्जी आता काठी घेऊन अंगणात येरझारा घालतात. त्यांना यातलं काही सांगायला गेले, तर त्यांनी मलाच आत नेऊन त्यांची फळी दाखवली. लोणच्याच्या प्रत्येक बरणीवर कागदाची चिठ्ठी आणि त्यावर कन्नडमध्ये घातल्याचा महिना. “तारीख नसेल तर मी कोणाच्या पानात वाढत नाही,” त्या म्हणाल्या.

घरी येऊन मी आमच्या फडताळावर डकवलेला कागद पाहिला. डॉक्टर, गॅस, वीज, रुग्णवाहिका, सगळे नंबर माझ्याच अक्षरात. शाई फिकी पडलेली. कागद कधीचा, कोणाला ठाऊक! मी एकेक नंबर लावून पाहिला. आमच्या डॉक्टरांचा नंबर बदललेला होता आणि रुग्णवाहिकेचा तर बंदच होता. इतकी वर्षं आम्ही त्या कागदाकडे पाहून निश्चिंत झोपत होतो.

तुमच्याही घरात असा एक कागद असेल. सोसायटीच्या फळ्यावर असेल, मंडळाच्या वहीत असेल, मुलांच्या दप्तराच्या कप्प्यात असेल. आज संध्याकाळी वेळ काढून त्यावरचे नंबर एकदा लावून पाहा. चुकीचे निघतील ते खोडा, नवे लिहा. आणि कोपऱ्यात आजची तारीख घाला.